हरिपूरची पेवं आणि दुबईची खाडी

शुक्रवार, १ मार्च २०२४ : सातारा ते सांगली

भाचा तीन आठवड्यांच्या रजेवर दुबईहून आला. मुंबईहून थेट गावी जायचं सोडून तो आधी माझ्याकडे साताऱ्यात उतरला. म्हणाला, "आत्या, तूही चल. पण सरळ घरी नको. आधी सांगलीची पेठ, मग हरिपूर, मग घर." पाच वर्षं झाली, तो जेबेल अली बंदराजवळ एका मालवाहतुकीच्या कचेरीत कागदपत्रांचं काम बघतो. आपल्याकडची हळद, बेदाणा, द्राक्षं त्याच्या टेबलावरून जातात, पण फक्त वजन आणि कंटेनरचे नंबर बनून. तो माल पुन्हा एकदा हातात घेऊन बघायचा होता त्याला. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सुएझ, बाब-एल-मंदेब, होर्मुझ फळ्यावर खडूने काढले आणि तास संपला की पुसले. त्याच वाटांवर आता घरचा मुलगा पोट भरतो, म्हणून मी लगेच पिशवी भरली.

सकाळची एसटी. कराड, पेठनाका, इस्लामपूर, आष्टा. रस्त्याचं काम चालू आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यामुळे सांगलीला पोहोचेपर्यंत बारा वाजत आले.

मार्केट यार्डात शिरलं की आधी नाकाला कळतं. मग डोळ्यांना. हमालांच्या भुवया पिवळ्या, तराजू पिवळा, अडतदुकानाच्या पायऱ्या पिवळ्या. नव्या हळदीचे सौदे नुकतेच निघालेले. दुकानापुढे ढीग, भोवती खरेदीदारांचं कोंडाळं, एक जण भाव पुकारतोय. जो तो वाकून मूठभर हळकुंडं उचलतो, एक कट्‌कन मोडतो, आतला गाभा उजेडाकडे धरतो. मोडताना आवाज कोरडा आला तर माल वाळलेला. राजापुरीचा ढीग वेगळा, परपेठेचा वेगळा. गड्डा निराळा, कणी निराळी. भाच्याने एक हळकुंड मोडून वास घेतला आणि बराच वेळ ते मुठीतच ठेवलं.

ओळखीच्या एका अडतदारकाकांनी आम्हाला गादीवर बसवून चहा मागवला. भाव यंदा चांगला आहे, पण तो लागवड कमी झाल्यामुळे, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग म्हणाले, "मोरोक्कोचा माल वाटेत लोंबकळतोय बघा. तांबड्या समुद्रातनं जहाजं जात नाहीत. सगळा आफ्रिकेला वळसा." १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवून नेलं आणि डिसेंबरपासून मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझची वाट सोडायला सुरुवात केली. केप ऑफ गुड होपच्या वळशाने उत्तर युरोपपर्यंत दहा ते पंधरा दिवस जास्त लागतात. विमा वाढतो, भाडं वाढतं. शिवाय डबे, म्हणजे कंटेनर, वाटेतच अडकून राहतात आणि परत भरायला वेळेवर मिळत नाहीत.

"आणि दुबईचा माल?" मी विचारलं.

"तो चाललाय की. उलट तिकडून फोन जास्त येतात."

भाचा म्हणाला, "काका, दुबईला जाणारी सगळी हळद दुबईत शिजत नाही. आमच्याकडं उतरते, साठते, पोती बदलते, आणि ज्याची वाट मोकळी त्याच्याकडं जाते."

काकांनी मान डोलावली. "मग सांगलीत तरी दुसरं काय होतं? निजामाबादची येते, हिंगोलीची येते, कर्नाटकातली येते. सांगलीत पिकते किती? पेठ म्हणजे पीक नव्हे. पेठ म्हणजे माणसं."

मुक्काम गावभागात मैत्रिणीकडे. रात्री भडंग आणि चहा, आणि बारा वाजेपर्यंत गप्पा.

शनिवार, २ मार्च : हरिपूर

सकाळी गणपतीचं दर्शन घेतलं. १८०१ च्या सुमाराला मिरजेपासून वेगळं संस्थान करून चिंतामणराव पटवर्धनांनी हे शहर उभं केलं. तेव्हा सांगली म्हणजे कृष्णाकाठचं लहानसं गाव. आजची पेठ त्यानंतर बसवलेली, माणसं बोलावून आणून बसवलेली. हे डोक्यात ठेवूनच मी हरिपूरच्या रिक्षेत बसले.

कृष्णा आणि वारणा इथे मिळतात. संगमेश्वराच्या देवळात शुक्रवारी येणाऱ्या महाशिवरात्रीची तयारी चालली होती, मांडवाचे बांबू उतरत होते. पण आम्ही आलो होतो ते पेवांसाठी. हरिपूरच्या जमिनीत पूर्वी हळदीची हजारो पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल, गोल खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. इथली माती अशी की विटांचं बांधकाम न करताही भिंत टिकते. आत हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. आतली हवा संपते, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं राहते, रंगासकट.

पेवात उतरायचं काम केलेले एक आजोबा देवळाच्या पारावर भेटले. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. "उघडल्याबरोबर उतरायचं न्हाई. तोंड उघडं टाकायचं, हवा खेळू द्यायची. मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील इझला तर माणूसबी इझणार." गुजराती, मारवाडी, लिंगायत, मुसलमान, सगळ्या व्यापाऱ्यांची हळद शेजारशेजारच्या पेवांत असायची. "कुणाची कुठली, वर काय खूण नसायची हो. पण आमाला ठावं असायचं. कदी कुणाची कुणाला गेली न्हाई."

तिथून आम्ही घाटावर बसलो आणि भाच्याने मला दुबईच्या खाडीची गोष्ट सांगितली. काही मला माहीत होती, काही नव्हती.

इराणच्या किनाऱ्यावर लिंगेह नावाचं भरभराटीचं बंदर होतं. १९०२ च्या सुमाराला इराणने तिथली जकात वाढवली. समोरच्या काठावर दुबईचे शेख मकतूम बिन हशर यांनी व्यापाऱ्यांना जकातच माफ केली. व्यापारी गलबतात कुटुंबकबिला घालून पलीकडे आले आणि तिथेच राहिले. त्यांच्या बस्तक गावावरून वस्तीला बस्तकिया नाव पडलं. पुढे खाडी गाळाने भरत चालली, तेव्हा शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून ती खोल केली. १९५९ ते १९६१ चं ते काम. दुबईत तेल सापडलं १९६६ साली. म्हणजे आधी खाडी, मग तेल. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे उलटंच समजतात.

"आणि जेबेल अली १९७९ ला उघडलं," तो म्हणाला. "त्याच्या मुक्त व्यापार क्षेत्राचं साल १९८५. तेव्हा शेजारी काय चाललं होतं सांग."

सांगायची गरज नव्हती. १९८० ते १९८८, इराण-इराक युद्ध. दोन्ही बाजू तेलाची जहाजं फोडत होत्या, आणि फुटलेली जहाजं दुरुस्तीला येत होती दुबईच्याच गोदीत, जी १९८३ साली सुरू झाली होती. भांडण दुसऱ्यांचं, आसरा इथे. यंदाही तेच चाललंय. युरोपला घाईने जायचा माल जहाजाने जेबेल अलीला उतरवायचा आणि तिथून विमानाने पुढे पाठवायचा, असं काम जानेवारीपासून वाढलंय. सगळी वाट विमानाने जाण्यापेक्षा हे स्वस्त आणि आफ्रिकेच्या वळशापेक्षा लवकर. त्याच्या कचेरीत रात्रपाळी लागली ती त्यामुळेच.

"म्हणजे तुमचं शहर पेव आहे," मी म्हणाले. "जमिनीवरचं."

तो हसला नाही. विचारात पडला. मग म्हणाला, "माझ्या खोलीत आम्ही चौघं. एक मल्याळी, एक पेशावरचा ट्रेलर ड्रायव्हर, एक शिराझचा हिशेबनीस. पेशावरवाला आणि मी क्रिकेटच्या दिवशी थोडे गप्प असतो, बाकी चहा एकाच पातेल्यात. हे पृथ्वीवर दुसरीकडं कुठं जमलं असतं सांग."

मला एक गोष्ट खटकते आणि ती मी त्याला तिथेच बोलून दाखवली. सगळ्यांना जागा देणारं शहर, आलेला पैसा कुणाचा हेही फार विचारत नाही. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटल्यावर रशियन माणसं आणि रशियन पैसा तिथे लोटला. त्याच वर्षी मार्चमध्ये एफएटीएफने, म्हणजे काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, अमिरातींना करड्या यादीत घातलं होतं. त्यातून नाव निघालं ते आत्ता, २३ फेब्रुवारीला. यंदा १ जानेवारीला इराण आणि अमिराती दोघेही एकाच दिवशी ब्रिक्स या देशांच्या गटात गेले, आणि अमेरिकेचे सैनिकही अमिरातींत आहेतच. किती दिवस सगळ्यांच्या पंक्तीला बसता येतं?

भाचा म्हणाला, "आत्या, नकाशा तुला मी काय सांगणार? जेबेल अली होर्मुझच्या आत आहे."

खरंच. तीस-पस्तीस किलोमीटरची ती चिंचोळी सामुद्रधुनी, पलीकडचा काठ इराणचा. फुजैरा आणि खोर फक्कान ही अमिरातींची बंदरं तिच्या बाहेर आहेत, पण जेबेल अलीचा सगळा व्याप तिथे मावणारा नाही.

परत निघताना आजोबांना विचारलं, पेवं गेली कशाने? "२००५ चा म्हापूर. पानी वरनं आलं असतं तर तोंडं लिंपली असती. ते खालनं आलं. जमिनीतनं." पुष्कळशी पेवं तेव्हा ढासळली. राहिलेल्यांवर २०१९ आणि २०२१ चे पूर आले. आता हळद गोदामांत आणि शीतगृहांत असते.

रात्री बातमी आली. १८ फेब्रुवारीला हुथींचं क्षेपणास्त्र लागलेलं 'रुबिमार' हे जहाज अखेर तांबड्या समुद्रात बुडालं. पोटात सुमारे २१,००० टन खत होतं.

रविवार, ३ मार्च : माहेर

तासगावच्या पुढे रस्ता वळतो तिथून दोन्ही बाजूंना बागा. मार्चमधलं माहेर मला नेहमी डोळ्यांपुढे असतं ते असं: मांडवाखाली हिरवी सावली, घडांचा गार वास, आणि दादाच्या कपाळावरच्या आठ्या.

दादाच्या दीड एकराचा प्लॉट युरोपसाठी राखलेला आहे. ज्यांनी द्राक्षबाग जवळून पाहिली नाही त्यांना यातला जीव कळावा म्हणून थोडं सांगते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून कुठलं औषध कधी मारलं ते सगळं वहीत. तोडणीच्या किती दिवस आधी कुठली फवारणी बंद, तेही ठरलेलं. बागेची नोंदणी ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी यादीत, नमुना प्रयोगशाळेत, अंश सापडला तर माल बाद. २०१० साली एका संजीवकाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती, ती जखम या भागात अजून ओली आहे. त्यामुळे लोक फार जपतात. घड विरळ करायचे, मणी सारखे फुगवायचे, आणि मग पॅकहाऊस, प्रीकूलिंग, शून्य अंशाच्या आसपासचा कंटेनर, न्हावाशेवा. एवढं सगळं करून फळ निघतं ते ठराविक दिवसांचं आयुष्य घेऊन. पंधरा दिवस वाढले तर देठ तपकिरी होतो. आणि युरोपातला गिऱ्हाईक आधी देठ बघतो.

जेवताना दादाने विषय काढला. फेब्रुवारीत गावातल्या दोघांचा माल गेला, वळशाने. पोहोचल्यावर तिकडून दर पाडून मागितला. ज्या निर्यातदाराने नेला तो आता बोलतो, "वाटेतली जोखीम तुमची." दोघांचे पैसे अडकलेत. "आपण काय हुथीला बोलावलं होतं का?" दादा म्हणाला. चिडून नव्हे, अगदी खरं उत्तर हवं असल्यासारखं.

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आधी भाकरी संपवा."

दुपारी दोघे बापलेक बांधावर बसले आणि मी ऐकत राहिले. दादापुढे तीन वाटा होत्या. युरोपची वाट बघायची, माल गोडीला आलाय तरी. नाहीतर दुबईला द्यायचा, चार-पाच दिवसांत जहाज पोहोचतं, वाट मोकळी, पण युरोपचा अडलेला माल सगळे तिकडेच ढकलतायत, म्हणून दर दबलाय. नाहीतर शेडवर टाकून बेदाणा करायचा.

"दुबईत दर पडला तर तू काय करणार?" दादाने पोराला विचारलं.

"आबा, मी कागदं करतो. दर माझ्या हातात नाही."

"मग तुमच्या त्या शहराच्या हातात काय आहे?"

त्याने नीट विचार करून उत्तर दिलं. "जागा. तुमचा माल एक दिवसही उन्हात पडणार नाही. कागद अडणार नाही. २०२२ च्या १ मेपासून भारताशी करार लागू आहे, जकातीत सवलत आहे. आत्ताच १४ फेब्रुवारीला जेबेल अलीत भारत मार्टचा पाया घातला, आपल्या मालाला तिथं कायमचं दुकान मिळणार. पण तुमच्या मालाला पुढं गिऱ्हाईक मिळेल का, ते तांबडा समुद्र ठरवणार."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने रुबिमारचं विचारलं. खत कुठलं होतं? फॉस्फेटचं, मी सांगितलं. तो उठून ड्रिपच्या टाकीजवळ गेला आणि शून्य-शून्य-पन्नासची, म्हणजे पोटॅशच्या खताची, गोणी दाखवली. "हेबी बाहेरूनच येतंय. म्हणजे आमचा माल जातानाबी तीच वाट, खत येतानाबी तीच वाट."

फळ्यावर मी तीस वर्षं बाण काढत होते, एक जाणारा आणि एक येणारा. एकाच बांधावर दोन्ही बाण उभे असलेले मी पहिल्यांदा पाहिले.

सोमवार, ४ मार्च : तासगाव

आधी गणपतीचं देऊळ. पटवर्धनांनी बांधलेलं ते उंच गोपूर दक्षिणेतून उचलून आणल्यासारखं दिसतं, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्या गणपतींना असं असतं. मग बेदाण्याची बाजारपेठ.

वाटेत एका शेडवर थांबलो. डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढलेले घड जाळ्यांच्या थरांवर पसरलेले, वरून छप्पर, चारी बाजूंनी वारा. बारा-पंधरा दिवसांत घडाचा बेदाणा होतो. मग झाडणी, गंधकाची धुरी, प्रतवारी. जाळीवरून दाणे वेचणाऱ्या बायांच्या बोटांकडे बघत राहावंसं वाटतं.

सौद्यात हिरवा, पिवळा, काळा वेगवेगळा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला २०१८ साली. दादाने चार दुकानांत भाव विचारले आणि एकाही ठिकाणी स्वतःचा माल किती आहे ते सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर वही काढून बसला.

मंगळवार, ५ मार्च : विटा, आणि परत

विट्याला जाणं माझ्या हट्टापायी. सोन्याचं गाव बघितल्याशिवाय ही सहल पुरी झाली नसती.

खानापूर, आटपाडीचा हा पट्टा दुष्काळी. शेतीवर भागेना म्हणून इथल्या माणसांनी सोनं-चांदी गाळायची कला हातात घेतली आणि देशभर पांगली. कोचीपासून अमृतसरपर्यंत सराफकट्ट्यामागच्या गल्लीत गलाईचं दुकान दिसलं तर आत मराठी बोलून बघावं. जुना दागिना मुशीत वितळवायचा, तेजाबात टाकून कस वेगळा करायचा, शुद्ध सोनं परत द्यायचं. परक्या गावात, परक्याचं सोनं, आणि धंदा सगळा विश्वासावर. हरिपूरच्या आजोबांचं बोलणं मला तिथे परत ऐकू आलं.

एका गलाईवाल्या बंधूंकडे बसलो. त्यांचं दुकान तमिळनाडूत, गावी घरच्या लग्नासाठी आलेले. त्यांच्याशी भाच्याचं लगेच जमलं, कारण दोघांचाही दुबईतला देरा सोनेबाजार पाठ. दुबईचं सोनं हा शब्द आमच्या पिढीने चोरट्या आवाजात ऐकलेला. आखातात तेव्हा आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या तस्करीपायी तो इतका बाहेर वाहू लागला की १९५९ साली रिझर्व्ह बँकेला आखातासाठी निराळ्या नोटा काढाव्या लागल्या. १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिथल्या राज्यांनी तो हळूहळू सोडला. आपला सुवर्ण नियंत्रण कायदा १९६८ चा, तो रद्द झाला १९९० साली. तोवर पश्चिम किनाऱ्यावर रात्री गलबतं लागत राहिली. आता तेच सोनं कागदांसह येतं, आणि भारत-अमिराती करारात त्याला ठराविक वजनापर्यंत जकातीत एक टक्क्याची सूट आहे.

बंधूंचा फोन सारखा वाजत होता. त्या दिवशी जगभर सोन्याने विक्रमी भाव गाठला होता. "लोकांना वाटतं आमची चंगळ," ते म्हणाले. "भाव वाढला की गिऱ्हाईक थांबतं. आणि सोनं असं उगाच वाढत नाही ताई. कुठंतरी कुणीतरी घाबरलेलं असतं."

दुपारी विट्याच्या स्टँडवर भाच्याने मला एसटीत बसवलं. वहिनींनी दिलेल्या बेदाण्याच्या चार पुड्या त्याच्या पाठपिशवीत होत्या, त्यातली एक त्याने माझ्या हातात दिली. बाकीच्या तीन खोलीतल्यांच्या. शिराझवाल्याला पिवळा आवडतो, त्यांच्याकडचा तसा असतो म्हणे.

कडेगाव मागे पडलं तेव्हा दादाचा फोन आला. गाडीच्या आवाजात नीट ऐकू येईना, मी खिडकीची काच लावून घेतली.

"ठरवलं बघ. निम्मी बाग शेडवर, निम्मी दुबईला. पोरगं म्हणतंय पुढल्या आठवड्यातल्या जहाजात जागा आहे. उद्या सकाळी तोड लावतोय."

"आणि युरोप?"

"वही ठेवलीय जपून," दादा म्हणाला. "पुढल्या ऑक्टोबरात बघू, वाट कुठनं जाती ती."